पगार नसलेल्या घरात पैशाची पुस्तकं: वाचून नेमकं काय बदलतं?

तालुक्याच्या गावातली अभ्यासिका असो, एसटी स्टँडवरची पुस्तकांची टपरी असो, की पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा मोबाइल असो. पैशाविषयीची तीच ती पाच-सहा पुस्तकं आता सगळीकडे दिसतात. बहुतेक मूळची अमेरिकेतली, मराठीत भाषांतर होऊन आलेली. श्रीमंत कसं व्हावं, पैसा कामाला कसा लावावा, कर्जातून सुटका कशी करून घ्यावी, हे त्यांचे विषय. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या खेड्यांत ती ज्यांच्या हातात पडतात, त्यांतल्या कित्येकांच्या घरात आजोबांपासून कुणालाही महिन्याचा पगार मिळालेला नाही.

अशाच एका वाचनालयातली प्रत माझ्या पाहण्यात आली. पगार हातात आला की खर्चाआधी त्यातला दहावा हिस्सा बाजूला काढा, अशा अर्थाच्या ओळीखाली कुणीतरी पेन्सिलीने रेघ मारली होती आणि शेजारी समासात लिहिलं होतं, ‘पगारच नसन तं?’

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, आणि त्या पुस्तकात त्याचं उत्तर नाही. पण म्हणून पुस्तक बिनकामाचं ठरतं, असं मला वाटत नाही. ते महिन्याच्या पगारासाठी लिहिलं गेलंय. ते हंगामावर बसवून घ्यावं लागतं. बसवून घेतलं तर पैशाकडे पाहण्याची नजर खरोखर बदलते. नाही घेतलं, तर वाचणाऱ्याच्या पदरात अपराधीपणा तरी पडतो, नाहीतर घाई.

पैशाविषयीची समजूत येते कुठून

पैशाचा विषय शाळेत कुणी शिकवत नाही, तरी दहा वर्षांच्या पोराला तो बराच कळलेला असतो. बापाने अडत्याशी कोणत्या आवाजात बोलणं केलं, आईने किराणा दुकानदाराकडे न जाता पोराला का पाठवलं, पाहुणे आले की डब्यातले पैसे कुठून निघतात, हे सगळं ते पाहत असतं. त्यावर म्हणींचा थर चढतो. अंथरूण पाहून पाय पसरावे. ऋण काढून सण करू नये. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. या म्हणी शहाण्याच आहेत, पण सगळ्या एकाच दिशेने बोलतात: सांभाळ, आवर, झाक. अंथरूण मोठं कसं करायचं, याबद्दल त्यांच्यात फारसं काही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, आपण सगळे पैसे एकसारखे मानत नाही. कापसाचे पैसे वेगळे, मजुरीचे वेगळे, आहेरात आलेले वेगळे. लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये खात्यात पडले की त्यावर घरातल्या बाईचा हक्क सगळ्यांना मान्य असतो. तेच १,५०० तुरीच्या विक्रीतून आले असते तर तिला विचारलंही गेलं नसतं. नोटा त्याच, पण मनात प्रत्येकीचा कप्पा वेगळा. अर्थशास्त्रात याला मानसिक हिशेब म्हणतात. ज्यांनी ही कल्पना मांडली त्या रिचर्ड थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पैशाचं चांगलं पुस्तक हात घालतं ते या कप्प्यांनाच. कोणता कप्पा आधी भरायचा, कोणत्याला हात लावायचा नाही, हे ते नव्याने ठरवायला लावतं.

खेड्यातल्या माणसाला हिशेब येत नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा कुणाच्या घरातली आहेराची वही उघडून पाहावी. थोरल्या पोरीच्या लग्नात कुणी किती रुपये दिले, कुणी पातळ, कुणी गंज, कुणी फक्त नारळ-टोपी. सगळं नावासकट आणि गावासकट. वीस वर्षांनी त्या घरी लग्न निघालं की वही काढायची आणि तेवढंच, किंवा थोडं वाढवून, परत करायचं. इतकी काटेकोर नोंद शहरातली अनेक घरं ठेवत नाहीत. ज्या घरात ही वही आहे, त्या घरात कृषी केंद्राच्या उधारीची वही मात्र बहुतेक वेळा नसते. ती दुकानदाराकडे असते. पुस्तक वाचून पहिला बदल व्हायचा असेल तर तो इथे व्हायला हवा.

व्याज वर्षाच्या भाषेत मांडायला शिकणं

या पुस्तकांतलं सगळ्यात कामाचं प्रकरण चक्रवाढीचं असतं. चक्रवाढ म्हणजे व्याजावर पुन्हा व्याज. लेखक ती गुंतवणुकीसाठी समजावतात: अमुक इतके रुपये तीस वर्षं ठेवले तर किती होतील. आपल्याकडे तेच गणित उलट्या बाजूने वाचलं तर जास्त उपयोगी पडतं.

गावात व्याज बोललं जातं शेकड्यावर आणि महिन्यावर. ‘शेकडा तीन’ म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला तीन. तोंडी ऐकायला तीन हा आकडा लहान वाटतो. बँकेचे सात टक्के त्याच्यापुढे मोठे वाटतात. पण एक दर महिन्याचा आणि दुसरा वर्षाचा. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. शेकडा पाच म्हणजे ६०.

समजा जूनमध्ये पेरणीसाठी ५०,००० रुपये घेतले आणि कापूस विकून जानेवारीअखेर, म्हणजे आठ महिन्यांनी फेडले. शेकडा तीनने व्याज होतं १२,००० रुपये. सात टक्क्यांच्या पीक कर्जावर त्याच आठ महिन्यांचं व्याज २,३३३ रुपयांच्या आसपास. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची तीन टक्क्यांची सूट मिळून दर चार टक्क्यांवर येतो, आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळाला की तो जवळजवळ शून्याला टेकतो. बारा हजार आणि शून्य यांच्यातलं हे अंतर कोणत्याही बियाण्याच्या पाकिटावर छापलेल्या वाढीव उत्पन्नाच्या दाव्यापेक्षा जास्त खात्रीचं आहे.

आता उधारी. बियाणं, खत, फवारणीचं औषध मिळून रोखीत २०,००० होतात आणि उधारीत २२,५००, नोव्हेंबरमध्ये द्यायच्या बोलीवर. इथे व्याज हा शब्द कुणी उच्चारत नाही. पण २०,००० वर पाच महिन्यांत २,५०० म्हणजे साडेबारा टक्के. महिन्याला अडीच, वर्षाला ३०. ही उधारीसुद्धा सावकारीच आहे, फक्त ती बिलात विरघळलेली असते. दुकानदार वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्यालाही कंपनीचे पैसे भरायचे असतात आणि काही उधारी बुडतेच. पण घेणाऱ्याला आकडा दिसला पाहिजे.

एक सोपी रीत सगळ्या पुस्तकांत सापडते, ती पाठ करण्यासारखी आहे. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ मिळतो. सात टक्के वार्षिक असेल तर साधारण दहा वर्षं. शेकडा तीनने थकीत व्याज मुद्दलात मिळवत गेलं तर ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिने. दोन हंगाम हुकले की कर्ज दुप्पट. ‘कर्ज वाढत गेलं’ असं आपण म्हणतो, त्यामागचं यंत्र हे आहे.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. त्याखालच्या दरांनुसार परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, एवढंच व्याज घेता येतं, आणि व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त करता येत नाही. बेकायदा सावकारीची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, आणि अशा व्यवहारात गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. अमेरिकेत लिहिलेल्या पुस्तकात हे असण्याचं कारणच नाही. व्याजाचं प्रकरण आणि हा कायदा शेजारी शेजारी ठेवायचं काम वाचणाऱ्याचं.

महिना सोडा, हंगाम धरा

समासातल्या त्या प्रश्नाकडे आता वळू. पगारच नसेल तर दहावा हिस्सा कशातून काढायचा?

पुस्तक महिना हे एकक धरतं, कारण त्याचा वाचक नोकरदार आहे. आपल्याकडे एकाच गावात तीन एककं नांदतात. सालदाराचा करार गुढीपाडव्याला होतो. त्याचं एकक वर्ष, आणि त्यातली बरीच रक्कम उचल म्हणून आधीच गेलेली. निंदण-वेचणीला जाणाऱ्या बाईचं एकक आठवडा, या बाजारापासून त्या बाजारापर्यंत. कास्तकाराचं एकक हंगाम. पश्चिम विदर्भात सोयाबीन ऑक्टोबरात, कापूस दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत वेच्यावेच्याने, तूर जानेवारीच्या पुढे-मागे, हरभरा त्यानंतर. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात धानाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, कधी येतील त्यावर सगळं, आणि गडचिरोलीकडे उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. पोळ्याच्या सुमारास, जेव्हा बैलांना सजवायचं असतं, नेमका तेव्हा घरातला पैसा सगळ्यात कमी असतो.

कोरडवाहू कास्तकार पाण्याचा हिशेब असाच करतो. पाऊस पडतो चार महिने, पिकाला पाणी लागतं त्यानंतरही. ज्याने शेततळं खोदलं त्याचं पाणी अडतं. ज्याने नाही, त्याच्या वावरातून तेच पाणी नाल्याला लागतं. आलेला चुकारा अडवून ठेवण्याची जागा आधी तयार असावी लागते. पैसा आल्यावर जागा शोधायला निघालं की तो वाहून गेलेला असतो.

कागदावर करून पाहू. पाच-सहा एकरांवर कापूस, सोयाबीन आणि तुरीचं मिळून वर्षभरात २,४०,००० रुपये हातात आले असं धरू. यातले ८०,००० सोसायटीचं पीक कर्ज. ३०,००० पुढच्या पेरणीची सोय, म्हणजे कृषी केंद्रात रोखीने उभं राहता यावं म्हणून. १०,००० अडीअडचणीला. उरले १,२०,०००. त्याला बाराने भागलं तर महिन्याला १०,०००. हा तुमचा पगार. वाचनालयातल्या त्या पुस्तकाला जो पगार अभिप्रेत आहे, तो असा काढावा लागतो.

हा आकडा पहिल्यांदा कागदावर उतरतो तेव्हा घरात शांतता पसरते, हे मी पाहिलंय. फेब्रुवारीत घरात लाखभर रुपये आहेत असं वाटत असतं. त्या भरात मोटारसायकलचं डाऊन पेमेंट होतं, मोठा मोबाइल येतो. दहा हजार महिना हा आकडा समोर असेल तर तीच मोटारसायकल वेगळी दिसते. कुणी सांगायला लागत नाही. मनातला कप्पा बदलला की खर्च आपोआप वेगळा दिसतो, आणि वृत्ती बदलणं म्हणतात ते प्रत्यक्षात इतकंच असतं.

मजुरीवर चालणाऱ्या घराने बाराने भागू नये. त्यांच्यासाठी आठवडा हेच खरं एकक. बचत गटाची वर्गणी महिन्याची असली तरी ती बाजाराच्या दिवशी चार हिश्श्यांत बाजूला काढणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. त्यांनी कोणतंही पुस्तक वाचलेलं नव्हतं. पुस्तकाने जे सांगायचं ते त्या आधीच करत होत्या.

जिथे पुस्तक आपल्या घरात बसत नाही

काही पुस्तकं सांगतात, राहतं घर ही मिळकत नव्हे, ते खिशातून पैसा काढतं. भाड्याने देता न येणाऱ्या आणि हप्त्यावर घेतलेल्या शहरी घराबद्दल हे खरं असेल. आपल्याकडच्या घरात सपरीपासून माजघरापर्यंत कापूस भरून ठेवलेला असतो, भाव वाढेल या आशेने. अंगाला खाज सुटते, पोरांना झोपायला जागा राहत नाही, तरी ठेवतात. ते घर गोदाम आहे, आणि घाईत खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, माल न देण्याची ताकद त्याच्या भिंतींमुळे येते.

सोन्याचंही तसंच. पुस्तकाच्या मते सोनं नुसतं पडून राहतं. इथे ते जूनमध्ये गहाण जातं आणि दिवाळीनंतर सुटून येतं, दरवर्षी. बाईच्या गळ्यातली पोत घराचं आपत्कालीन खातं असते. फक्त ती कुणाकडे गहाण पडते, बँकेत की सावकाराच्या तिजोरीत, यावर सगळं ठरतं.

लग्नाच्या खर्चाबाबत मात्र मी पुस्तकाच्या बाजूने आहे, अर्ध्या अंतरापर्यंत. चार माणसं जोडून ठेवणं ही खेड्यात खरी गुंतवणूक असते. अडल्यावेळी बैलजोडी, ट्रॅक्टर, हातउसने पैसे त्याच माणसांकडून येतात. ते नातं जेवणाच्या पंगतीने टिकतं. डीजेने आणि तीनशे माणसांच्या मंडपाऐवजी हजार माणसांच्या मंडपाने ते जास्त घट्ट झाल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

‘पैसाच नाही, तर वाचून काय होणार?’

ही सगळ्यात रास्त शंका. तिला उत्तर देताना तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास आठवतो. २०१३ साली तो ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. संशोधकांनी ४६४ शेतकऱ्यांना बुद्धीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दोनदा दिल्या: काढणीच्या आधी, हात तंगीत असताना, आणि काढणीनंतर, पैसा आल्यावर. माणूस तोच, पण तंगीतले गुण कमी आले. तंगीत डोकं त्या तंगीतच अडकलेलं असतं, इतर गोष्टींसाठी ते पुरत नाही.

म्हणजे गरीब माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब राहतो, असं जे या पुस्तकांतून सुचवलं जातं, ते निम्मं उलटं आहे. तंगीच निर्णय बिघडवते. एखाद्या घरात आज चूल पेटण्याची भ्रांत असेल तर त्याला पुस्तक देणं क्रूरपणाचं आहे. तिथे रोहयोचं काम, रेशन आणि दवाखाना आधी. पण ज्या घरात वर्षातून एकदा का होईना रक्कम येते, तिथे ती आल्यावर, डोकं मोकळं असताना, तंगीतल्या दिवसांचे निर्णय आधीच घेऊन ठेवता येतात. कर्ज कुठून काढायचं हे पोळ्याला ठरवायचं नसतं, ते मार्चमध्ये ठरवायचं असतं.

‘भाव पडला, पाऊस गेला, त्याला पुस्तक काय करणार?’

काहीच करणार नाही. सोयाबीनचा बाजारभाव हमीभावाच्या खाली गेला, गुलाबी बोंडअळीने पराटी पोखरली, ऐन काढणीत पाऊस लागून राहिला, तर तो तोटा कोणत्याही बचतीच्या सवयीने भरून निघत नाही. खरेदी केंद्र वेळेवर सुरू होणं, पीक विम्याची भरपाई मिळणं, बँकेने कर्ज नाकारू नये हे पाहणं, ही सरकारची कामं आहेत आणि त्यासाठी भांडावंच लागतं. विदर्भातला कर्जबाजारीपणा वाचनाच्या कमतरतेतून आलेला नाही.

माझा या पुस्तकांवरचा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. त्यांतली कित्येक यशाचं श्रेय आणि अपयशाचा दोष, दोन्ही एकट्या माणसाच्या माथी मारतात. शहरातला वाचक ते वाचून जरा खट्टू होईल. पण ज्या भागात कर्जाच्या लाजेने माणसं गेली आहेत, तिथे ‘कर्ज ही तुझी चूक’ हे वाक्य धोक्याचं आहे. असं वाक्य भेटलं की पुस्तक बाजूला ठेवा. आकडे घ्यावेत, ठपका घेऊ नये. आणि ज्याच्या घरात कुणी कर्जाने खचलेलं दिसतंय, त्याने त्या माणसाच्या हातात पुस्तक देण्याआधी त्याच्याजवळ बसावं, त्याला एकटं सोडू नये.

‘माफी होणारच, मग फेडायचं कशाला?’

२००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या लोकांनी पाहिल्या आहेत. नियमित फेडणाऱ्याला आपण फसलो असं वाटलं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. तरीही हिशेब मांडून पाहावा. ८०,००० चं पीक कर्ज थकवलं की पुढच्या वर्षी नवं मिळत नाही. मग तेच ८०,००० शेकडा तीनने आठ महिन्यांसाठी उचलले तर व्याज होतं १९,२००. माफीची वाट पाहण्यात दोन वर्षं गेली तर ३८,४००, आणि माफीत आपलं नाव बसेल की नाही ते निकष आल्यावरच कळणार. ज्याला फेडणं शक्यच नाही त्याची गोष्ट वेगळी. ज्याच्याकडे चुकारा आलाय आणि जो केवळ वाट पाहतोय, त्याने हा आकडा समोर ठेवावा.

वाचून वागणं खरंच बदलतं का?

याबाबत अभ्यासकांतही एकमत नव्हतं. २०१४ साली आलेल्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की पैशाचं शिक्षण दिल्याने वागण्यात पडणारा फरक अगदी नगण्य असतो, आणि वेळ जाईल तसा तोही विरतो. पुढे २०२२ मध्ये ७६ प्रयोगांचा एकत्रित आढावा आला, त्यात ज्ञान आणि वागणूक दोन्हींवर चांगला परिणाम आढळला. दोन्ही वाचून मला जे पटतं ते असं: निर्णय तोंडावर असताना मिळालेली माहिती टिकते, सहज म्हणून वाचलेली विसरली जाते.

डोमिनिकन रिपब्लिक या छोट्या देशात लहान व्यावसायिकांवर झालेला प्रयोग आपल्या फार कामाचा आहे. काहींना रीतसर हिशेबलेखन शिकवलं, काहींना फक्त सोपे ठोकताळे: धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवा. ठोकताळेवाल्यांचे हिशेब जास्त सुधारले. कास्तकाराच्या घरात शेती आणि संसार यांचा पैसा एकाच डब्यात असतो, म्हणून शेती नफ्यात गेली की तोट्यात, हेच वर्षअखेर सांगता येत नाही. तीनशे पानांच्या पुस्तकातून दोन खाती करण्याची एवढी एक सवय उचलली, तरी वाचन सार्थकी लागलं म्हणायचं.

उलटा परिणामही होतो

श्रीमंतीची पुस्तकं वाचणाऱ्या पोरांपैकी काही जण लगेच ट्रेडिंगच्या अॅपवर जातात. शेअर बाजारातल्या वायदा-पर्याय व्यवहारांना एफ अँड ओ म्हणतात. त्यात शेअर न घेता त्याच्या पुढच्या भावावर थोड्या पैशांत मोठा डाव लावता येतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. बापाने वावर गहाण ठेवून कोचिंगची फी भरलेली, आणि पोरगं रात्री मोबाइलवर हे करतंय. त्या पोराला दोष देण्याआधी त्याच्या वाचनात कोणती पुस्तकं आली ते पाहा. लवकर श्रीमंत व्हायची घाई लावणारं पुस्तक आणि धीर शिकवणारं पुस्तक एकाच फळीवर शेजारी शेजारी असतात.

तीच घाई जास्त व्याजाच्या ठेवींकडे नेते. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतही. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. हा फरक खेड्यात फार थोड्यांना माहीत आहे, आणि नावात काय लिहिलंय ते पाहून तो ओळखता येतो.

घरात वाचायचं कुणी?

आजवर ही पुस्तकं पोरं वाचतात. माझ्या मते ती घरातल्या बाईच्या हातात आधी पडायला हवीत. किराण्याची उधारी, पोरांची फी, दवाखाना, सणवार, सगळा पैसा तिच्या हातून जातो. ठरवण्याच्या वेळी मात्र तिला विचारलं जात नाही. बचत गटामुळे खातं, पासबुक, हप्ता, व्याज हे शब्द तिच्या तोंडी आले आहेत. आता काही जणींच्या खात्यावर स्वतःच्या नावाची रक्कमही येते. एका गटाच्या बैठकीत पुस्तकातली चार पानं मोठ्याने वाचली जात होती, तेव्हा एक म्हातारी मधेच म्हणाली, “हे समदं ठीक हाय बाई, पण घरी धन्याले कोन सांगन?” त्यावर बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ठरलं ते एवढंच की प्रत्येकीने घरी विचारायचं: बँकेच्या खात्याला वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, आणि वर्षाला ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा कापला जातो का. दोन्ही विम्यांची रक्कम दोन-दोन लाख आहे. पहिला १८ ते ५० वयात घेता येतो, दुसरा अपघाताचा, ७० पर्यंत. पुढच्या बैठकीत निम्म्या जणी उत्तर घेऊन आल्या. पैशाविषयी नवराबायकोत भांडण न होता झालेलं हे पहिलंच बोलणं, असं त्यातल्या दोघी म्हणाल्या.

वाचायचं केव्हा

मार्च ते मे. चुकारे आलेले असतात, वावर मोकळं असतं, दुपारी बाहेर पडवत नाही. नव्या पीक कर्जाचं वाटप एप्रिलपासून सुरू होतं. सातबारा, आठ-अ आणि इतर बँकांचे नादेय (कर्ज बाकी नसल्याचे) दाखले तेव्हाच गोळा केले तर पेरणीच्या तोंडावर सावकाराच्या ओट्यावर बसावं लागत नाही. वाचनालयात पैशाचं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर ज्यात लेखकाच्या श्रीमंतीच्या गोष्टी कमी आणि आकडेमोड जास्त, ते घ्या.

आणि जूनमध्ये कृषी केंद्रात गेल्यावर बिल करण्याआधी तीन गोष्टी विचारा: रोखीत काय भाव, उधारीत काय भाव, आणि उधारी कोणत्या महिन्यापर्यंतची. उत्तरं दुकानातच वहीवर लिहून घ्या, आपल्या वहीवर.